अकरा किलोंचा हिशेब : डिप्रेशनच्या गोळ्यांवर पंधरा महिने

गोळी सुरू झाली तेव्हा माझं वजन ५२ किलो होतं. सहा महिन्यांनी ६३ झालं. आज पंधरा महिन्यांनंतर साडेसत्तावन्न आहे. मधल्या काळात काय काय झालं ते सविस्तर लिहितेय, कारण मला गोळी लिहून दिली तेव्हा यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. आणि बेळगावात, खानापुरात, निपाणीत माझ्यासारख्या कितीतरी जणी पर्सच्या आतल्या कप्प्यात गोळ्यांची पट्टी लपवून फिरतात, हे मला आता ठाऊक आहे.

मी बेळगावच्या शहापुरात राहते, मराठी प्राथमिक शाळेत शिकवते, वय ४१. त्या दिवाळीनंतर आई गेली आणि माझी झोप उडाली. रात्री दोनला डोळे उघडायचे ते उघडेच. घास तोंडात फिरायचा, खाली उतरायचा नाही. माझं नेहमीचं वजन ५६, ते मार्चपर्यंत ५२ वर आलं. वर्गात फळ्याकडं तोंड केलं की डोळे भरून यायचे आणि मुलांकडं वळायचं धाडस व्हायचं नाही. तरी डॉक्टरकडं जायला मी चार महिने घालवले. आमच्याकडं कुणी जरा वेगळं वागलं की ‘याला धारवाडला न्या’ म्हणायची पद्धत आहे, तिथं मनोरुग्णालय म्हणून. आता त्याची डिमहान्स ही मोठी संस्था झालीय, पण बोलणं बदललेलं नाही. ते एक वाक्य डोक्यात असलं की दवाखान्याची पायरी चढवत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी मिर्टाझापिन १५ मिलिग्रॅम रात्री एक, असं लिहून दिलं. बाहेर गर्दी होती, माझं पाच मिनिटांत आटोपलं. गोळी चुकीची होती असं मी अजिबात म्हणत नाही. झोप गेलेल्या, भूक गेलेल्या, वजन उतरलेल्या पेशंटला ही गोळी मुद्दाम देतात, हे मला नंतर कळलं. तिसऱ्याच रात्री मी सलग सात तास झोपले. सकाळी उठून आधी घड्याळ पाहिलं आणि बसून रडले, पण ते रडणं निराळं होतं.

मग भूक आली. ही भूक नेहमीची नव्हे. नऊला गोळी घ्यायची, साडेदहापर्यंत पोटात असं काही कालवायला लागायचं की जेवलेय यावर विश्वास बसू नये. आणि हवं असायचं ते गोडच. एकदा यांनी खडेबाजारातून पाहुण्यांसाठी पाव किलो कुंदा आणून ठेवला होता. मी अंधारात, दिवा न लावता, ओट्याशी उभी राहून चमच्यानं खात होते. डब्याच्या तळाला चमचा घासल्याचा आवाज झाला तेव्हा भान आलं. तो आवाज अजून कानात आहे. त्या रात्री मला वाटलं की माझ्यात काहीच संयम उरला नाही. आज तसं वाटत नाही. मेंदूतल्या पेशींवर हिस्टामिन, सेरोटोनिन अशा रसायनांचे निरोप घेणाऱ्या जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ही गोळी हिस्टामिनचे रिसेप्टर अडवते. सर्दीसाठी एव्हिल घेतली की गुंगी येते, त्यामागंही हेच कारण. इथं गुंगीबरोबर भूकही वाढते, शिवाय सेरोटोनिनचा जो रिसेप्टर ‘पोट भरलं’ सांगायला मदत करतो, तोही ती अडवते. म्हणजे जीभ सैल सुटली नव्हती, निरोपच पोचत नव्हता. हे एवढं कुणी मार्चमध्ये सांगितलं असतं तर स्वतःला इतकं लागट बोलले नसते.

पहिले तीन महिने लोक कौतुक करत होते. ‘अंग भरलंय बघ, छान दिसायलीस,’ असं शेजारच्या काकू म्हणायच्या, आणि त्यांचं खरंही होतं. गणपतीच्या आधी पुतणीच्या साखरपुड्यासाठी ब्लाऊज शिवायला टाकला. आमच्या शिंपीणबाई वीस वर्षं माझं माप घेतात. त्यांनी दंडाला टेप लावली, काढली, परत लावली, आणि हळूच म्हणाल्या, ‘वैनी, दीड इंच वाढलंय की हो. जुन्या मापाचं चालणार नाही.’ घरी आले, मेडिकलमधल्या काट्यावर आधी उभी राहून आले होते. ६३.

मग मी केली ती मोठी चूक. कुणाला न विचारता गोळी बंद केली. झोप लागते, रडू येत नाही, आता कशाला गोळी, असं स्वतःला पटवलं. दुसऱ्या रात्रीपासून झोप बंद. चौथ्या दिवशी मळमळ, हातापायांना घाम, छातीत सतत धडधड, उभं राहिलं की भोवळ. घरात गौरी बसलेल्या, मी पुरणाच्या वासानं मागच्या दारी जाऊन ओकत होते. मला वाटलं आजार दुप्पट होऊन उलटला. त्यातलं बरंचसं गोळी एकदम तोडल्यामुळं होतं. आठव्या रात्री यांनी १४४१६ लावला. ही टेलि-मानस नावाची सरकारी सेवा २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, आणि भाषा निवडता येते. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच सांगितलं : उद्या डॉक्टरांना दाखवा, तोवर आपल्या मनानं काही सुरू-बंद करू नका.

आक्का मला दुसऱ्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. हे कानडी वळणाचं मराठी बोलतात, घाई करत नाहीत. मी वजनाचं सांगितलं तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘हे आधी सांगायचं होतं की. वजन वाढणं हे गोळी बदलायला पुरेसं कारण आहे.’ माझ्यासाठी हे वाक्य फार मोठं होतं. तोवर मला वाटत होतं, मन बरं करायला आलोय तर शरीराबद्दल कुरकुर करायची नाही.

त्यांनी वजनाचा हिशेब मांडला. ५२ चे ५६ झाले ते चार किलो माझेच होते, आजारानं नेलेले, परत आले. त्याला वाढ म्हणायचंच नाही. राहिले सात. त्यात गोळीचा वाटा किती, बंद पडलेल्या चालण्याचा किती, आणखी कशाचा किती, ते बघायचं. म्हणून टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि कोलेस्टेरॉल तपासलं. थायरॉइड मंदावला तर उदासीही येते आणि वजनही वाढतं, आणि सगळा दोष गोळीवर जातो. माझे रिपोर्ट ठीक निघाले. पण ही तपासणी मागून घ्या, फार महाग नाही.

मिर्टाझापिन पुन्हा सुरू करून ती हळूहळू उतरवत डिप्रेशनचीच दुसरी गोळी, सर्ट्रालिन, सुरू केली, आधी २५ मिलिग्रॅम, मग ५०. नाश्त्यानंतर सकाळी. पहिले दहा-बारा दिवस वाईट गेले : मळमळ, पोट बिघडलेलं, शाळेत तासाच्या मध्येच पळावं लागायचं. वर्गावर सोबतीच्या बाईंना सांगून ठेवलं होतं, त्या सांभाळून घ्यायच्या. उपाशीपोटी गोळी घेतली त्या दिवशी हमखास त्रास, भाकरी-भाजी खाऊन घेतली त्या दिवशी कमी. दोन आठवड्यांत पोट शांत झालं. घाम मात्र अजून येतो, मानेला आणि पाठीला, हिवाळ्यात सुद्धा. उशीवर सुती पंचा घालून झोपते. तोंडाला कोरड पडते, त्याला दोन वेलदोडे पदराला. गोड गोळ्या चघळू नका, लाळ कमी असताना दात लवकर किडतात.

एक गोष्ट लिहावी की नाही याचा बराच विचार केला. लिहितेय. नवरा-बायकोच्या संबंधांत फरक पडतो. इच्छा कमी होते, किंवा असली तरी शेवटपर्यंत पोचत नाही. सर्ट्रालिनच्या जातीच्या गोळ्यांमध्ये हे फार सर्रास आहे, पुरुषांमध्येही. मी पाच महिने गप्प बसले आणि यांना वाटत राहिलं की माझं मन उडालं. शेवटी डॉक्टरांना कागदावर लिहून दिलं, तोंडानं बोलवेना. त्यांनी वाचलं, मान हलवली आणि यांना आत बोलावून दोघांना नीट समजावलं. त्रास पूर्ण गेला नाही. पण घरातला गैरसमज त्या दिवशी गेला, आणि डोस ठरवताना आता तेही धरलं जातं.

वजन उतरायला आठ महिने लागले, साडेपाच किलोंना. गोळी बदलल्यावर रात्रीची ती भूक तीन-चार आठवड्यांत ओसरली, तो मोठा भाग. बाकीचं साधं आहे. जेवण साडेसातला. रात्री भाताऐवजी जोंधळ्याची भाकरी, मटकीची नाहीतर मुगाची उसळ, ताक. दुपारचा भात सोडला नाही, बेळगावात राहून बासमती सोडणं मला जमायचं नाही, पण एक वाटी मोजून. शाळेतून आल्यावर फरसाणाऐवजी फुटाणे. कुंदा घरात साठवायचा नाही, सणाला आणायचा आणि दिवसा, सगळ्यांबरोबर बसून खायचा. सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चालणं, असं जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना सांगते, तेवढं त्यात बसतं. वजनापेक्षा मनाला त्याचा उपयोग जास्त झाला. पहिले पंधरा दिवस पाऊल उचलायचं नाही, तेव्हा आक्का दारात येऊन उभी राहायची, काही न बोलता.

वजन दर रविवारी सकाळी, एकाच काट्यावर. रोज नको. रोज केलं तेव्हा अर्ध्या किलोसाठी अख्खा दिवस जायचा. महिन्यात दोन किलोंच्या वर गेलं तर डॉक्टरांना फोन, असं आमचं ठरलंय. सर्ट्रालिनवरही पुढं थोडं वजन वाढू शकतं, हे त्यांनी आधीच सांगितलंय. तसं पाहिलं तर याच जातीतली पॅरॉक्सेटिन वजनाला जास्त वाईट, आणि वेगळ्या जातीची बुप्रोपिऑन सगळ्यांत बरी, पण फिट येणाऱ्यांना ती देत नाहीत. म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी आपल्याला मागू नये.

आता एक मनापासून सांगायचंय. वजन चढलं तेव्हा ओळखीच्या एकीनं बारीक होण्याची ‘आयुर्वेदिक’ पावडर आणून दिली. पाकिटावर ना कंपनीचा पत्ता, ना घटक. मी ती डॉक्टरांना दाखवली. अशा पावडरींमध्ये सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध मिसळलेलं सापडतं, ज्यावर आपल्याकडं २०११ मध्येच बंदी आलीय. सर्ट्रालिनबरोबर ते पोटात गेलं तर सेरोटोनिन जीव धोक्यात येईपर्यंत वाढू शकतं. मी पाकीट तिथंच टाकून आले. खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमिथॉर्फन आणि दुखण्याची ट्रामाडोल, यांचंही तसंच, विचारल्याशिवाय नको. गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन आणू नका, या गोळीबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मेडिकलवाल्याला ‘मी सर्ट्रालिन घेते’ हे चार गिऱ्हाइकांसमोर सांगायला मला जड जायचं. आता चिठ्ठी पुढं करते. आणि घरात पंचविशीच्या आतलं कुणी नव्यानं ही औषधं घेत असेल, तर पहिले काही आठवडे त्याला एकटं सोडू नका. या वयात सुरुवातीला जिवाचं बरंवाईट करायचे विचार वाढू शकतात, तसं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर.

खर्चाचं थोडक्यात : जनऔषधी केंद्रात हीच गोळी बरीच स्वस्त मिळते, तिथूनच घेते.

सगळ्यांत जास्त उपयोग कशाचा झाला असेल तर शंभर पानी वहीचा. डॉक्टरांसमोर बसलं की मला काही आठवत नाही. म्हणून वहीत तारीख, वजन, झोपेचे तास आणि ‘काय खुपतंय’ एवढं लिहिते, मराठीत, जसं वाटतं तसं. ‘पाय रात्री आतून ओढतात.’ ‘जांभया थांबेनात.’ ‘आज आईचा फोटो पुसला, रडले नाही.’ डॉक्टर ती वही हातात घेऊन सगळी पानं वाचतात.

येत्या गुरुवारी तारीख आहे. वहीत एकच प्रश्न लिहिलाय. तब्येत आता सहा महिने स्थिर आहे, डोस उतरवायला आत्ता घ्यायचा, की हा पावसाळा जाऊ द्यायचा? आमच्याकडं जूनपासून महिनोन् महिने ऊन दिसत नाही, डेपोतल्या वाटेवर चिखल होतो आणि चालणं व्हरांड्यात येतं. मला वाटतं थांबावं. आक्काचं पण तेच म्हणणं आहे. काट्यावर काय दिसेल ते दिसेल, दसऱ्याला मला झोपलेली आणि जेवलेली असायचंय.