फ्रॅपे एचआर : सामाजिक संस्थेच्या पगारपत्रकासाठी कितपत कामाचं?

सामाजिक संस्थेत एका माणसाचा पगार क्वचितच एका खिशातून येतो. कार्यालय ठाण्यात नौपाड्याला, काम शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर, आणि समन्वयकाचा साठ टक्के पगार एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) तर चाळीस टक्के परदेशी देणगीतून, हे नेहमीचंच चित्र. रजा, हजेरी, स्लिप ही कामं बाजारातलं कुठलंही सॉफ्टवेअर करतं. पण हा पगार कोणत्या फंडरच्या खात्यावर टाकायचा, असं विचारलं की बहुतेकांची बोलती बंद होते. फ्रॅपे एचआर हे रजा-हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर इथे उजवं ठरतं, आणि खरं तर घ्यायचं ते एवढ्यासाठीच.

फ्रॅपे ही मुंबईचीच कंपनी. सॉफ्टवेअरचा कोड खुला आहे, परवाना जीपीएलचा (कोणालाही वापरता-बदलता येईल असा), माणशी शुल्क नाही. म्हणून ते फुकट पडतं असं मात्र नाही. सर्व्हर, रोजचा बॅकअप आणि अपडेट करणारा माणूस यांचा खर्च येतोच. शिवाय ते एकटं चालत नाही, खाली ईआरपीनेक्स्ट हे फ्रॅपेचंच हिशेबाचं सॉफ्टवेअर बसवावं लागतं. संस्थेचा हिशेब टॅलीत असेल आणि सीएला टॅली सोडायची नसेल, तर पगाराची जर्नल नोंद दर महिन्याला काढून तिकडे चढवावी लागते. हे कोणी करायचं ते आधीच ठरवून घ्या.

गाभा आहे कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्च कोणाच्या नावावर टाकायचा ते कप्पे. वरती 'एफसीआरए' (परदेशी देणगीच्या कायद्याखालचा पैसा), त्याखाली प्रत्येक अनुदान, आणि प्रत्येक अनुदानाखाली 'कार्यक्रम' व 'प्रशासन' असे दोन फाटे ठेवा. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगीतला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. हे फाटे नसतील तर ३१ डिसेंबरच्या आत एफसी-४ हे परदेशी देणगीचं वार्षिक विवरणपत्र भरताना वर्षभराचे पगार पुन्हा चाळत बसावं लागतं. कल्याणकारी संस्थेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरचा किंवा शाळेतल्या शिक्षकाचा पगार प्रशासकीय खर्चात धरत नाहीत, तेव्हा सगळे पगार सरसकट 'प्रशासन'मध्ये ढकलू नका. जाता जाता : सीएसआरच्या नियमातली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे. ती संस्थेच्या प्रकल्प-खर्चावर लावायची सवय काही कंपन्यांना जडली आहे, ती मुकाट्याने मान्य करायचं कारण नाही.

प्रत्येक कर्मचाऱ्याला सॅलरी स्ट्रक्चर (पगाराची ठरलेली मांडणी) जोडताना खाली कॉस्ट सेंटरचा तक्ता येतो. त्यात टक्के भरायचे, बेरीज बरोबर १००. पगार चालवला की जर्नल नोंद त्याच प्रमाणात फुटते. टक्के बदलले तर नव्या तारखेची नवी जोडणी करा. जुनीवरच आकडे फिरवले तर सहा महिन्यांनी ऑडिटर विचारेल तेव्हा दाखवायला काही उरत नाही.

आता अडचणी. पहिली, मालकाच्या वाट्याची. समजा मूळ पगार ३०,००० आहे आणि पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरता. मालकाचे १२ टक्के म्हणजे १,८००, विम्याचे अर्धा टक्का ७५, प्रशासकीय आकाराचे अर्धा टक्का ७५, एकूण १,९५०. ही रक्कम कर्मचाऱ्याच्या निव्वळ पगारात येत नाही, त्यामुळे फंडरनिहाय फोडीतूनही सहज निसटते. साठ-चाळीसच्या प्रमाणात १,१७० सीएसआरवर आणि ७८० एफसीआरएवर टाकणारी नोंद वेगळी लावली नाही, तर एका माणसामागे वर्षाला २३,४०० रुपये संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून जातात. आणि बजेटमध्ये फंडरने ते मंजूर केलेले असतात!

दुसरी बँकेची. एफसीआरएचा पैसा स्थानिक पैशात मिसळता येत नाही, पण पगाराच्या एका एंट्रीत पैसे देणारं खातं एकच निवडता येतं. कॉस्ट सेंटरनं खर्च वाटला म्हणून पैसा दोन खात्यांतून गेला असं होत नाही. विभागलेल्या पगाराची बँक नोंद हातानं दोन खात्यांत फोडा आणि ट्रान्सफरही दोन करा. एफसीआरएसाठी सॉफ्टवेअरमध्ये वेगळी 'कंपनी' उघडायची युक्ती सुचवली जाते, पण कर्मचारी एकाच कंपनीत बसतो, म्हणून ती कामाची नाही.

तिसरी अडचण टाइमशीटची. प्रोजेक्टनिहाय तास भरता येतात, पण त्यावरून साठ-चाळीसचे टक्के आपोआप बदलत नाहीत. महिनाअखेर दोन्ही आकडे शेजारी ठेवून तपासायचं काम माणसाचंच. समन्वयकानं सत्तर टक्के वेळ पाड्यावरच्या कुपोषणाच्या प्रकल्पाला दिला आणि पगार चाळीस टक्केच तिथून गेला, तर यूसीवर (निधी वापरल्याच्या दाखल्यावर) सही करताना अवघड जातं.

कपातींची मांडणी एकदाच नीट करा. महाराष्ट्रात १ एप्रिल २०२३ पासून महिलांना महिना २५,००० पर्यंत व्यवसाय कर नाही. पाड्यांवरच्या कार्यकर्त्या बहुतेक बायकाच, त्यामुळे सगळ्यांचे सरसकट २०० रुपये कापणारा पगाराचा घटक थेट त्यांच्या पगारातून चुकीचे पैसे काढतो. घटकाच्या अटीत लिंग घाला, फेब्रुवारीचे ३०० वेगळे बांधा. ईएसआयसीत (राज्य कर्मचारी विम्यात) कर्मचाऱ्याचे ०.७५ टक्के वरच्या रुपयावर न्यायचे असतात. घटकातली पूर्णांकाची खूण जवळच्या रुपयावर आणते, म्हणून चलनाशी एखाद्या रुपयाचा फरक पडतो. पगार ईएसआयसीच्या २१,००० च्या मर्यादेवर गेला तरी एप्रिल-सप्टेंबर किंवा ऑक्टोबर-मार्च हा कालावधी संपेपर्यंत कपात थांबवायची नाही, हेही अटीत यायला हवं.

हजेरी मोबाइलवरून, ठिकाणासह लागते. तुर्भे, दिघ्याच्या वस्त्यांत ती ठीक चालते. मुरबाडच्या आतल्या पाड्यांवर रेंजच नसेल तर हट्ट धरू नका, तिथे हजेरीचा विनंती अर्ज वापरा. स्वयंचलित हजेरी लागत नसेल तर आधी शिफ्टमधली शेवटच्या चेक-इन सिंकची तारीख बघा. ती पुढे सरकली नसेल तर पुढची हजेरी लागतच नाही. रविवारच्या शिबिराची बदली रजासुद्धा त्या दिवशीची हजेरी असल्याशिवाय मंजूर होत नाही.

मानधनावरच्या स्वयंसेविकांना कर्मचारी म्हणून घालू नका, त्यांची नोंद आणि टीडीएस वेगळा. उलट, प्रकल्पापुरत्या करारावर घेतलेल्यांना मात्र कर्मचारी म्हणूनच घाला आणि कराराची तारीख भरा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी द्यावी लागते. पुढच्या प्रस्तावाच्या बजेटात ती ओळ आजच हवी.

पंधरा माणसं आणि एकच फंडर असेल तर एक्सेल पुरे, या भानगडीत पडू नका. तीसेक माणसं, तीन-चार अनुदानं आणि हिशेबाला पूर्णवेळ माणूस असेल तर जरूर घ्या. सुरुवात एप्रिलपासून करा, आणि पहिले दोन पगार जुन्या शीटसोबत समांतर चालवून फंडरनिहाय बेरीज पैशापर्यंत जुळल्यावरच जुनी शीट बंद करा.