झेनॉनच्या अभ्यासासाठी ‘स्रिम’: उपयोग आणि मर्यादा

अणुइंधनाच्या सिरॅमिक गोळीत विखंडनातून (अणुकेंद्र फुटण्यातून) तयार होणारा झेनॉन वायू कुठे अडकतो आणि कसा सरकतो, हे अभ्यासणाऱ्यांसाठी जेम्स झिग्लर यांची विनामूल्य ‘स्रिम’ संगणकप्रणाली फार उपयुक्त आहे. या गोळीच्या पदार्थावर, म्हणजे युरेनियम डायऑक्साइडवर, झेनॉन आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) मारा केल्यास ते किती खोल जातील आणि वाटेत किती अणू जागचे हलतील, याचा अंदाज ती साध्या संगणकावरही देते. मात्र विस्थापन-ऊर्जेचे (अणू जागचा हलवायला लागणाऱ्या किमान ऊर्जेचे) आयते आकडे तसेच ठेवू नयेत. युरेनियमसाठी 40 आणि ऑक्सिजनसाठी 20 इलेक्ट्रॉन-व्होल्ट हे प्रचलित आकडे स्वतः भरावेत.

खरी मर्यादा पुढे आहे. ही प्रणाली पदार्थाला स्फटिकरचना नसलेला आणि निरपेक्ष शून्य तापमानाचा मानते, शिवाय प्रत्येक नव्या आयनासमोर पदार्थ पुन्हा कोराच असतो. प्रत्यक्षात माऱ्याने निर्माण झालेल्या रिक्त जागांत झेनॉन अडकतो, रिक्त जागांच्याच आधाराने तो सरकतोही, आणि विखंडनाचे तुकडे बुडबुड्यांतील वायू पुन्हा स्फटिकजाळीत ढकलतात. यातले काहीच तिच्या उत्तरात उमटत नाही. त्यामुळे नुकसानीच्या हिशोबासाठी मी ती निःशंकपणे सुचवेन, परंतु वायूचा विसरण-गुणांक (तो पदार्थात किती वेगाने पसरतो याचे माप) तिच्याकडून मागू नये. त्यासाठी नमुना तापवून सुटणारा वायू मोजावाच लागतो.