कीक्लोक: तीन हॉटेलं आणि 'मॅनेजर' नावाचा घोळ

मी तीन हॉटेलांचं आयटी बघतो, कळंगूट, कोलवा नि पाळोळे, आणि माणूस मी एकटाच. तिन्हीकडे युजर वेगळे, परमिशन वेगळ्या. सीझनला पोरं इकडची तिकडे पाठवतात, जूनमध्ये परत आणतात, पण लॉगिन काय परत येत नाही, ते तिथेच पडून राहतं. गेल्या पावसात कळलं, कळंगूटचा एक कॅशियर डिसेंबरात महिनाभर कोलव्याला होता तो अजून तिथले रिफंड पास करू शकतोय. बुकिंग सगळ्यांचं एकत्र, म्हणजे रिफंडची एंट्री कळंगूटहून आणि मंजुरी कोलव्याची, दोन्ही त्याचीच. एकेक हॉटेल तपासलं तर सगळं बरोबर दिसायचं! पोरगा सरळ म्हणून, त्यानेच येऊन सांगितलं.

मग कीक्लोक टाकलं, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन नि परमिशन सांभाळणारं सॉफ्टवेअर. फुकट, ओपन सोर्स, रेड हॅटच्या लोकांनी 2014 मध्ये काढलेलं, 2023 पासून सीएनसीएफ या ओपन सोर्स संस्थेकडे. बसवायला अर्धा दिवस, रोल, म्हणजे कुठल्या कामाला कुठली परमिशन, ते ठरवायला दीड महिना. कारण 'मॅनेजर' म्हणजे कळंगूटला फ्रंट ऑफिसचा, कोलव्याला किचनचा, पाळोळ्याला मालकाचा भाचा. प्रत्येक हॉटेलचा रेल्म (युजर आणि रोलचा स्वतंत्र कप्पा) वेगळा ठेवून दुसरीकडून आलेला रोल आपल्याकडे कुठला धरायचा त्याचा मॅपर लावता येतो, ही सोय झकास आहे, पण मी शहाण्याने नावाला नाव जोडलं आणि दुपारी कोलव्याच्या किचनमधून फोन, "बाब, सी-व्ह्यू रूम कितीला सोडू?"

आता रोलचं नाव कामावरून, 'कोलवा-रिफंड-मंजुरी' असं. आणि एक सांगतो, मॅपरचा सिंक मोड 'फोर्स' ठेवा. 'इम्पोर्ट' ठेवला तर पहिल्या लॉगिनला मिळालेला रोल नंतर मूळ ठिकाणी काढला तरी इथे तसाच राहतो, म्हणजे आमच्या कॅशियरचीच गोष्ट परत. 'फोर्स' रोल पुढच्या लॉगिनला नव्याने जुळवतो, तोवर जुना रोल चालतो, लगेच घाबरू नका.

कमी एकच. एंट्री आणि मंजुरी एका माणसाकडे नको हा नियम ते स्वतःहून बघत नाही, अमेरिकेच्या 2004 च्या आरबॅक (रोलवरून परमिशन देण्याच्या) स्टँडर्डात तो असूनसुद्धा. म्हणून दर सोमवारी तिन्हीकडचे रोल जुळवणारी स्क्रिप्ट लिहिली. पहिल्या यादीत माझंच नाव, टेस्टिंगला घेतलेले रोल काढायचे राहिलेले.

4 स्टार, एक कापला तो त्या स्क्रिप्टचा. एकच हॉटेल असेल तर मात्र नको, उगाच जावाचा सर्व्हर सांभाळत बसाल.