ओळखू येणार नाही अशी करून देतो

आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत हवालदार होते, १९४४ साली इटलीच्या आघाडीवर. घरातली दुर्बीण त्यांनी तिकडूनच आणली, असं आम्ही पाहुण्यांना ठोकून द्यायचो. खरं तर ती युद्ध संपल्यावर डिस्पोजलच्या, म्हणजे लष्कराने विकायला काढलेल्या जादा मालात घेतलेली. ६×३० ची, म्हणजे सहापट जवळ दाखवणारी, पुढचं भिंग ३० मिलिमीटरचं; अंगावर १९४३ साल, नंबर आणि ब्रिटिश सरकारी मालावर असतो तो तीन रेघांचा बाण. उजव्या डोळ्याने पाहिलं की आत बारीक रेघांची पट्टी दिसायची, गोळा निशाणापासून किती बाजूला पडला ते मोजायला. आम्ही तिच्यावर देवळाचा कळस मोजायचो.

गेल्या पावसाळ्यात डावी बाजू धुरकट झाली. टॉर्च मारून पाहिलं तर प्रिझमवर कोळिष्टकासारखी बुरशी. दुरुस्त करावी की तशीच ठेवावी, यावर घरात महिनाभर खल. आण्णा म्हणाले, "राहू दे की. तिला आता कुठला शत्रू बघायचाय?" पण बुरशी फार दिवस राहिली तर काच खाते, हे मी वाचलं होतं. ते खरंही आहे, आणि कारागिराने नेमकं तिथेच बोट ठेवलं. "साहेब, अजून एक पावसाळा, की काच गेलीच समजा. ओळखू येणार नाही अशी करून देतो." साडेसहा हजार, अर्धे आगाऊ. पावती मागितली तर म्हणाला, "विश्वास नाही का?" आणि ओशाळलो मीच!

आठवड्याचे दीड महिने झाले. परत आली ती घासलेल्या समईसारखी चकाचक. काळा रंग खरवडलेला, बाण पॉलिशमध्ये जवळजवळ पुसलेला. जुना रंग काढला की अशा वस्तूची किंमतच जाते, हे मला नंतर कळलं. आण्णांनी डोळ्याला लावली, फिरवली, पुन्हा लावली.

"रेघा कुठायत रे?"

रेघा नव्हत्या. समोरची लाइटची एक तार दोन दिसत होती. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या माणसाने माझ्यासमोर ती उघडली. धडधाकट होती त्या उजव्या बाजूचे प्रिझम आणि रेघांची काच गायब. जागी कुठले तरी टवके उडालेले प्रिझम, डिंकासारखं काहीतरी लावून बसवलेले. डावीकडची बुरशी जशीच्या तशी.

पहिल्याकडे गेलो तर "तुम्ही आणली तेव्हा अशीच होती." यावर काय बोलणार? ना पावती, ना फोटो. द्यायच्या आधी नंबराचा फोटो हवा होता, आणि मोबाइल भिंगाला लावून आतल्या रेघांचाही. जो आपल्यासमोर उघडायला तयार नाही, त्याच्या हातात तर देऊच नये.

दुसऱ्याने बुरशी साफ केली, आठशे रुपये घेतले. उजवीकडचं सामान मिळणं कठीण, हे आधीच सांगितलं. डावीकडून आता लख्ख दिसतं. आण्णा उजवा डोळा मिटून बघतात.