माटोळीच्या चिठ्ठ्यांसाठी 'कलम' टंक

यंदाच्या चवथीला आमच्या फोंड्यातील घरी माटोळीला, म्हणजे गणपतीच्या मूर्तीवर टांगलेल्या लाकडी चौकटीला, बांधलेल्या आंबाडे, तोरिंगे, निरफणस अशा फळांची नावे मुलांना वाचता यावीत म्हणून मी छोट्या चिठ्ठ्या छापल्या आणि त्यांसाठी इंडियन टाइप फाउंड्रीचा 'कलम' हा टंक (फॉन्ट) निवडला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला हा टंक मुक्त परवान्याखाली विनामूल्य मिळतो आणि त्यात देवनागरीबरोबर रोमन अक्षरेही आहेत.

अक्षरे उजवीकडे झुकलेली आणि टोकांना गोलसर असल्यामुळे ती बॉलपेनने किंवा स्केचपेनने सहज लिहिल्यासारखी भासतात. घरातील मोठ्या माणसाने स्वतः बसून नावे लिहावीत, तसा आपलेपणा त्या चिठ्ठ्यांना आला, आणि मला नेमके तेच हवे होते. बारीक, नियमित व ठळक अशा तीन वजनांपैकी (रेषांच्या जाडीच्या प्रकारांपैकी) ठळक वजन खालून मान वर करून वाचणाऱ्यांना सोयीचे ठरले. प्रत्यक्ष हस्ताक्षरात एकच अक्षर दर वेळी थोडे बदलते, येथे मात्र ते तंतोतंत तसेच उमटते, त्यामुळे सलग मजकुरात हाताने लिहिल्याचा भास ओसरतो. देवळातील जत्रेच्या कार्यक्रमपत्रिकेचा पानभर मजकूर त्यात लावून पाहिला, तेव्हा झुकलेल्या ओळींनी डोळे लवकर थकले. तेथे शीर्षकापुरताच 'कलम' ठेवून उर्वरित मजकुरासाठी सरळ वळणाचा टंक वापरला. आमंत्रणे, फलक, मुलांचे तक्ते यांसाठी मी तो निःसंकोच सुचवेन.