तहानंतर रसदीवर नजर कुणाची? शस्त्रसंधी निरीक्षणाच्या नमुन्यांची तुलना

शस्त्रसंधीवर प्रबंध लिहिणारे, अभ्यासवर्गात कराराचा मसुदा करायला बसलेले, ईशान्य भारतातल्या वाटाघाटी जवळून पाहणारे, असे बरेच जण एकच प्रश्न विचारतात: निरीक्षणाचा कोणता नमुना घ्यावा? हा आढावा त्यांच्यासाठी आहे. माझं मत आधीच सांगतो. आघाडीवर किती गोळ्या सुटल्या हे मोजणारी यंत्रणा त्यामानाने लवकर उभी राहते. शस्त्रं, दारूगोळा आणि ताज्या दमाची माणसं मागून कुठून येतात हे पाहणारी यंत्रणा उभी करायला फार कष्ट पडतात, आणि करार टिकणार की नाही हे बहुतेक वेळा तिच्यावरच ठरतं. त्यामुळे निरीक्षक किती हवेत हे नंतर बघा. रसदीच्या वाटेवर जायला त्यांना कुणाची परवानगी लागेल, हे आधी विचारा.

मराठी वाचकाला रसदीचं महत्त्व वेगळं सांगायला नको. १७६० च्या डिसेंबरात मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि पानिपतावरच्या छावणीत उपासमार वाढत गेली. पुढे काय झालं ते घराघरांत ठाऊक आहे. तहानंतर ज्याची रसद गुपचूप चालू राहते, तो पुढच्या लढाईची तयारी करत असतो.

व्हिएतनाम: दोन करार, दोन आयोग, एकच भोक

जुलै १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर व्हिएतनाममध्ये आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोग आला. अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. कागदावर रचना चोख होती. नवी कुमक आणायची नाही. झिजलेलं शस्त्र बदलायचं तर नगाला नग, त्याच प्रकारचं. उत्तरेत सात आणि दक्षिणेत सात अशा १४ ठिकाणी कायमची पथकं बसवली. लाओ काय, लांग सोन, हैफाँग, तुरान, साइगोन अशी ही बंदरं आणि सीमेवरची गावं. फिरती पथकंही होती, पण त्यांचा वावर सीमेलगतच्या पट्ट्यांपुरता. त्याबाहेर जायचं तर त्या बाजूच्या सेनापतीची संमती लागायची.

सगळं बिनसलं ते या संमतीपाशी. १४ ठिकाणं कोणती हे दोन्ही बाजूंना आधीच ठाऊक होतं. लपवायचं ते तिथून कशाला येईल? आणि जे उघडपणे आलं, त्याला नाव वेगळं दिलं गेलं. १९५६ मध्ये अमेरिकेने दक्षिणेत सुमारे ३५० लष्करी माणसं आणली, ती जुनी सामग्री परत मिळवण्याच्या मोहिमेच्या नावाखाली. आयोगाने हरकत घेतली, माणसं तिथेच राहिली. जून १९६२ च्या खास अहवालात भारत आणि कॅनडाने बहुमताने दोघांनाही दोष दिला: उत्तरेला दक्षिणेतल्या सशस्त्र कारवायांना बळ दिल्याबद्दल, दक्षिणेला अमेरिकी लष्करी मदत घेतल्याबद्दल. पोलंड वेगळा पडला. फेब्रुवारी १९६५ मध्ये अमेरिकी बॉम्बहल्ल्यांवरच्या अहवालात भारत पोलंडच्या बाजूला होता आणि कॅनडाने भिन्नमत नोंदवलं. दोन्ही वेळा युद्ध पुढेच सरकलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात आयोगाचं विमान व्हिएन्तियानहून हनोईकडे जाताना १३ जणांसह बेपत्ता झालं. त्यांत भारतीयही होते. आयोगाचं अपयश मांडताना त्या माणसांना विसरू नये असं मला मनापासून वाटतं. त्यांना जेवढा अधिकार दिला होता, तेवढंच त्यांना करता येत होतं.

जानेवारी १९७३ च्या पॅरिस कराराने नवा आयोग नेमला. कॅनडा, हंगेरी, इंडोनेशिया, पोलंड, मिळून ११६० माणसं. नगाला नग हा नियम पुन्हा आला. निर्णय मात्र एकमताने घ्यायचे होते. एकमत झालं नाही तर प्रत्येक देशाचं म्हणणं पाठवता येई, पण ते आयोगाचा अहवाल म्हणून धरलं जात नसे. चारांपैकी हंगेरी आणि पोलंड हे दोन देश उत्तरेच्या साम्यवादी गोटातले असताना हा नियम म्हणजे दोषी बाजूच्या हाती दिलेला नकाराधिकार होता. शिवाय उत्तरेकडून दक्षिणेत रसद नेणाऱ्या हो चि मिन्ह मार्गाचा मोठा भाग लाओस आणि कंबोडियातून जात होता, आणि आयोगाचा अधिकार दक्षिण व्हिएतनामपुरता. रसद एका देशातून वाहत होती आणि पाहणारे दुसऱ्या देशात बसले होते. एप्रिल १९७३ मध्ये आयोगाचं हेलिकॉप्टर पाडलं गेलं, त्यात नऊ जण गेले. जुलैअखेर कॅनडा बाहेर पडला आणि त्याची जागा इराणने घेतली. ३० एप्रिल १९७५ ला दक्षिणेची राजधानी साइगोन उत्तरेच्या हाती पडली.

कोरियाबद्दल थोडक्यात. जुलै १९५३ च्या युद्धविरामानंतर स्वीडन, स्वित्झर्लंड, पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांचा तटस्थ आयोग नेमला गेला. दोन्ही बाजूंना पाच-पाच प्रवेशठाणी ठरली, आणि नगाला नग हाच नियम. भारताच्या वाट्याला युद्धकैद्यांचं अधिक नाजूक काम आलं. त्यासाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख मेजर जनरल शंकरराव थोरात कोल्हापूरकडचे. ठाण्यांवरची पथकं मात्र १९५६ मध्येच मागे घ्यावी लागली. १९५७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या कमांडने, म्हणजे दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या अमेरिकेच्या नेतृत्वाखालच्या फौजेने, शस्त्रबदलाचं कलम आपल्यापुरतं रद्द केलं आणि पुढच्या वर्षी दक्षिणेत अमेरिकी अण्वस्त्रं आली. आयोग नावाने अजून पानमुनजोममध्ये आहे, स्वीडिश आणि स्विस अधिकारी तिथे काम करतात. दोन सैन्यांमध्ये बोलण्याची एक वाट उघडी राहते, एवढा त्याचा उपयोग. रसद रोखायची असेल तर हा नमुना घेऊ नका.

सिनाई: आकडे आधी, निरीक्षक नंतर

इजिप्त आणि इस्राएलचा मार्च १९७९ चा तह मला रचनेच्या दृष्टीने सगळ्यांत अभ्यासण्याजोगा वाटतो. त्यामागे एक कडू अनुभव होता. मे १९६७ मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सांगताच सिनाईतलं संयुक्त राष्ट्रांचं दल मागे घेतलं गेलं आणि काही आठवड्यांत युद्ध पेटलं. त्या दलाचे प्रमुख भारताचे इंदरजित रिखये होते, आणि त्या जूनमध्ये त्यातले भारतीय जवान मारलेही गेले. नव्या तहात हे पुन्हा घडू द्यायचं नव्हतं. सुरक्षा परिषदेत सोव्हिएत नकाराधिकाराची अडचण होती, म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या बाहेर, रोममध्ये मुख्यालय असलेलं बहुराष्ट्रीय दल उभं राहिलं. एप्रिल १९८२ पासून ते काम करतं आहे.

इथे ‘कुमक नको’ अशी मोघम भाषा नाही. चार पट्टे आखले आहेत आणि प्रत्येकाचा आकडा ठरला आहे. सुएझलगतच्या पहिल्या पट्ट्यात इजिप्तची एक डिव्हिजन, २२ हजार सैनिक आणि २३० रणगाड्यांपर्यंत. मधल्या पट्ट्यात हलक्या शस्त्रांच्या चार सीमा बटालियन. सीमेलगत फक्त बहुराष्ट्रीय दल आणि इजिप्तचे नागरी पोलीस. इस्राएलच्या बाजूला चार पायदळ बटालियनचा चिंचोळा पट्टा. महिन्यातून किमान दोनदा पडताळणी व्हायची, आणि एका बाजूने मागणी केली तर ४८ तासांत जादा पडताळणी. हे ४८ तास अधोरेखित करून ठेवा. व्हिएतनाममध्ये नेमकी हीच गोष्ट नव्हती.

निष्कर्ष जाहीर होत नाहीत, ते दोन्ही सरकारांना कळवले जातात. सामान्य नागरिक म्हणून मला हे खटकतं. पण चव्हाट्यावर न आल्यामुळे चूक दुरुस्त करणं सोपं जातं, हेही मानावं लागतं. परिस्थिती बदलली की परस्परसंमतीने आकडे वाढवताही येतात. २००५ मध्ये गाझाच्या सीमेवर ७५० इजिप्शियन सीमारक्षकांना अशीच परवानगी मिळाली. या नमुन्याला दोन आधार आहेत आणि ते नसतील तर तो उभा राहत नाही: दोन्ही सरकारांना शांतता खरोखर हवी असणं, आणि मोकळं वाळवंट, जिथे रणगाडा लपवणं कठीण.

युक्रेन: सगळं मोजलं, सगळं छापलं

ओएससीई या युरोपीय संघटनेची युक्रेनमधली मोहीम मार्च २०१४ मध्ये सुरू झाली आणि ३१ मार्च २०२२ ला संपली. पारदर्शकतेच्या बाबतीत तिला तोड नाही. रोजचा अहवाल तीन भाषांत, कुणालाही वाचता येईल असा. कुठल्या गावाजवळ किती स्फोट ऐकू आले, कोणती तोफ माघाररेषेच्या आत दिसली, कुणी कोणत्या नाक्यावर अडवलं, सगळं त्यात. पूर्व युक्रेनमधल्या शस्त्रसंधीच्या मिन्स्क कराराने १०० मिलिमीटर आणि त्यावरच्या तोफा इतक्या मागे न्यायला सांगितल्या की मध्ये ५० किलोमीटरचा पट्टा मोकळा राहावा. मोठ्या अग्निबाणांसाठी हे अंतर ७० आणि १४० किलोमीटर होतं. नुसत्या २०१७ मध्ये मोहिमेने चार लाखांवर उल्लंघनं नोंदवली. पायी आणि गाडीने गस्त मुख्यतः दिवसा होई, म्हणून रात्रीसाठी कॅमेरे आणि ड्रोन होते. त्या एप्रिलमध्ये लुहान्स्क भागात मोहिमेची गाडी सुरुंगावर गेली आणि एक वैद्यकीय सहायक मृत्युमुखी पडला.

आता रसदीकडे पाहू. रशियाला लागून असलेली सुमारे ४०० किलोमीटरची सीमा युक्रेनच्या ताब्यात नव्हती. तिथे कायम निरीक्षण कुठे होतं? रशियाच्या बाजूला गुकोवो आणि दोनेत्स्क (युक्रेनमधल्या त्याच नावाच्या शहराहून वेगळं) या दोन नाक्यांवर, तेही रशियाच्या आमंत्रणावरून आलेल्या वेगळ्या मोहिमेचं. सप्टेंबर २०२१ मध्ये रशियाने मुदत वाढवू दिली नाही आणि ते बंद झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये मानिच गावाजवळ लांब पल्ल्याच्या ड्रोनने रात्री कच्च्या रस्त्याने, जिथे नाकाच नाही अशा ठिकाणी, मालमोटारींचे ताफे सीमा ओलांडताना टिपले. अहवालात ते आलं. पुढे करायचं काय, हे करारात नव्हतं. त्या ऑक्टोबरात असाच रात्रीचा ताफा पाहताना मोहिमेचा ड्रोन गमावला गेला.

हा नमुना घेणाऱ्याने त्याची किंमत समजून घ्यावी. नोंदी इतिहासासाठी आणि उद्या न्यायालयासाठी मोलाच्या राहतात, गावकऱ्यांना आघाडीवरच्या नळदुरुस्तीसाठी दोन तास शांतता मिळवून देता येते, हेही फार मोठं काम आहे. पण गोळी कुणी झाडली हे मोहीम क्वचितच थेट सांगायची, आणि लाखोंचा आकडा ऐकून ऐकून बोथट होतो.

नेपाळ: वाट राखता येत नाही, तर कुलूप लावा

सरकार आणि बंडखोर संघटना यांच्यातल्या करारासाठी मला नेपाळचा विचार जास्त उपयोगी वाटतो. नोव्हेंबर २००६ मध्ये शांतता करार झाला, जानेवारी २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांची मोहीम मंजूर झाली. शस्त्रनिरीक्षक जास्तीत जास्त १८६, सगळे निःशस्त्र. भारताशी सतराशे किलोमीटरहून लांब खुली सीमा असलेल्या देशात एवढ्यांनी शस्त्रांची वाट काय राखणार? म्हणून विचारच उलटा केला. माओवादी सैनिक सात मुख्य आणि २१ उपछावण्यांत. शस्त्रं लोखंडी कंटेनरमध्ये. किल्ली माओवाद्यांकडेच, पण दार उघडलं की भोंगा वाजणार आणि निरीक्षकांचा कॅमेरा चोवीस तास पाहणार. करारानुसार नेपाळी सैन्यानेही तेवढीच शस्त्रं अशीच ठेवायची. निरीक्षक पोहोचेपर्यंतच्या दिवसांत माजी गुरखा सैनिकांचं हंगामी पथक पहाऱ्यावर उभं राहिलं. किल्ली ज्याची त्याच्याकडे ठेवल्यामुळे शरणागतीचा अपमान टळला. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो.

दोष होतेच. ३२ हजारांवर लोकांनी सैनिक म्हणून नाव नोंदवलं, पडताळणीत १९,६०२ टिकले, २,९७३ अल्पवयीन निघाले. शस्त्रं जमा झाली ३,४७५. संख्या फुगवून सांगितल्याची माओवादी नेते ‘प्रचंड’ यांची चित्रफीत २००९ मध्ये बाहेर आली तेव्हा मोहिमेच्या विश्वासार्हतेला धक्का बसला. दुसऱ्या बाजूला सैन्याने रिक्त जागांच्या नावाने भरती चालवली. मोहिमेने तो करारभंग ठरवला, पण थांबवू शकली नाही. तरीही दोन्ही बाजू ज्या संयुक्त समितीत बसत, तिथे रोजच्या कुरबुरी मिटत गेल्या. मोहीम जानेवारी २०११ मध्ये गेली, तरी युद्ध परतलं नाही.

आपल्याकडे १९९७ पासूनच्या नागा शस्त्रसंधीतही ठरलेल्या छावण्या आणि संयुक्त निरीक्षण गट आहे, पण तिऱ्हाईत नाही. नियंत्रण रेषेवर तर दोन्ही सैन्यांच्या कारवाई महासंचालकांमधली हॉटलाइनच मुख्य आधार आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये तिच्यावरूनच गोळीबार थांबवण्याचं पुन्हा ठरलं. रसदीवर मर्यादा घालणं हा तिचा हेतूच नाही, त्यामुळे तिची तुलना इथे करू नये.

मग निवडायचं काय?

दोन स्थिर सरकारं असतील, सैन्यं मोठी असतील आणि भूभाग मोकळा असेल, तर सिनाई. सरकार विरुद्ध सशस्त्र संघटना असेल आणि सीमा राखणं अशक्य असेल, तर नेपाळ. त्यात एक सुधारणा हवी: छावणीत नाव नोंदवण्याआधी दर माणशी किती शस्त्रं अपेक्षित, हे करारातच लिहा. एका बाजूला शेजारचं बलाढ्य राष्ट्र माल पुरवत असेल, तर यांतला कोणताही नमुना पुरा पडत नाही. तिथे युक्रेनसारखे जाहीर अहवाल घ्या, पण त्या राष्ट्राची सही आणि त्याच्या बाजूच्या संपूर्ण सीमेवर फिरण्याचा हक्क मिळेपर्यंत त्याला पूर्ण निरीक्षण म्हणू नका, आणि लोकांनाही तसं सांगू नका.

मसुदा करताना तीन कलमांवर अडून बसा. पहिलं, मागणी केल्यापासून किती तासांत निरीक्षक जागेवर पोहोचणार, आणि अडवलं तर ते आपोआप उल्लंघन धरलं जाणार. दुसरं, निष्कर्षाला एकमताची अट नको, भिन्नमतही आयोगाचंच कागदपत्र मानलं जावं. तिसरं, बदली म्हणून येणाऱ्या प्रत्येक नगाचा जुना नग निरीक्षकांसमोर मोडीत काढायचा, आणि तो कुठल्या आवारात, कुणाच्या सहीने, हे परिशिष्टात गावाच्या नावासह लिहायचं.