पायलट टिकत नव्हता, म्हणून त्यानं सेफ्टीच काढून टाकली

परभणीला आमच्या आई-दादांच्या घरी जे झालं ते सविस्तर लिहिते आहे. गीझर दुरुस्तीला आलेला तो माणूस अजून कामं घेतोय, आणि जुने गॅस गीझर असलेली घरं आपल्या मराठवाड्यात कमी नाहीत. पैसे गेले याचा राग आहेच. पण पैसे घेऊन त्यानं जे करून ठेवलं होतं, त्यानं एखाद्या सकाळी माझे आईवडील जिवानिशी गेले असते. ते मला जास्त लागलंय.

आमचा गीझर भारनियमनाच्या काळातला. तेव्हा विजेचा भरवसा नव्हता, म्हणून दादांनी मुद्दाम पायलटवाला घेतला होता. हल्लीच्या गॅस गीझरला खाली दोन सेल असतात, नळ सोडला की टकटक ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. जुन्याचं तसं नाही. त्यात एक छोटी ज्योत आधी हातानं पेटवून ठेवायची, तिलाच पायलट म्हणतात, आणि नळ सोडला की त्या ज्योतीवर मोठा बर्नर पेट घेतो. वीज नको, सेल नको. पडवीत न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीला लावलेला हा गीझर वर्षानुवर्षं चालला. परभणीची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना पहाटेच्या गरम पाण्याचं मोल वेगळं सांगायला नको. कृषी विद्यापीठाच्या नोंदीत पारा पाच-सहा अंशांवर आला की त्याची बातमी होते, आणि नेमक्या त्याच दिवसांत यानं मान टाकली.

लक्षण अगदी साधं होतं. बटण दाबून धरलं की पायलट पेटायचा, आणि बटण सोडलं की विझायचा.

हे का होतं ते आधी सांगते, कारण सगळी फसवणूक याच जागी झाली. पायलटच्या ज्योतीत एका तांब्याच्या बारीक नळीचं टोक बुडालेलं असतं, त्याला थर्मोकपल म्हणतात. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापला की त्यात अगदी थोडी वीज तयार होते, साधारण २० ते ३० मिलिव्होल्ट. तेवढ्या विजेवर व्हॉल्व्हमधला छोटा चुंबक गॅसची वाट उघडी धरून ठेवतो. ती वाट उघडण्याइतका जोर त्या विजेत नसतो, म्हणून सुरुवातीला आपण बोटानं बटण दाबून धरायचं, टोक तापू द्यायचं आणि मग सोडायचं. ज्योत विझली की टोक थंड होतं, चुंबक सुटतो, गॅस आपोआप बंद. जुन्या गीझरमधली जीव वाचवणारी गोष्ट ती हीच.

म्हणजे बटण सोडल्यावर पायलट विझतोय, तर बघायचं ते थर्मोकपलच्या बाजूनं. ज्योत निळी आणि ताठ आहे का, ती टोकाला नीट वेढतेय का? टोकावर काजळी धरलीय का, मागचा नट ढिला झालाय का? पायलटचं जेट म्हणजे सुईच्या छिद्राएवढं भोक, त्यात धूळ किंवा कोळ्याचं जाळं अडकलं की ज्योत पिवळी आणि बारीक होते, टोकापर्यंत पोचत नाही. हे सगळं बघून झाल्यावर थर्मोकपल बदलायचा. व्हॉल्व्हवर संशय घ्यायची पाळी त्याच्याही नंतर येते.

आमचे नेहमीचे मिस्त्री, ज्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते, त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुकान बंद. शेजारच्या मुलानं दादांना मोबाईलवर शोधून नंबर काढून दिला. सगळ्यात वर जो आला तो. नाव गीझरच्या कंपनीचं, खाली ‘अधिकृत सर्व्हिस’ असं लिहिलेलं. फोनवर बाई गोड बोलली, तासाभरात माणूस हजर. छातीवर कंपनीच्या चिन्हाचा टी-शर्ट, हातात चांगली बॅग. ‘काका, काकू’ करून बोलणारा.

आईनं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं. त्यानं झाकण काढलं, बटण एकदा दाबून सोडलं आणि म्हणाला, ‘‘काका, तुमचा गॅस कंट्रोल व्हॉल्व्हच गेलाय. ह्यो असाच पेटवायला गेलात तर भडका होईल. कंपनीनं हे मॉडेल बंद केलंय, पण आमच्या गोडाऊनला एक पीस पडलाय.’’ जेट त्यानं उघडूनही बघितलं नाही. थर्मोकपलला मीटर लावला नाही. मुळात मीटर त्याच्या बॅगेत नव्हताच, असं दादा म्हणतात, आणि दादांनी आयुष्यभर पाण्याच्या मोटारी दुरुस्त केल्यात, मीटर कसा असतो ते त्यांना कळतं.

व्हॉल्व्ह काढून तो घेऊन गेला, संध्याकाळी ‘नवीन’ घेऊन आला. चकचकीत चंदेरी. त्याचे ४,८०० रुपये आणि येण्याचे ३५० वेगळे. जुना पार्ट दादांनी मागितला, तर म्हणाला, ‘‘तो कंपनीला जमा करावा लागतो.’’ पैसे यूपीआयनं घेतले, कंपनीच्या नाही, कुणा एका माणसाच्या वैयक्तिक नावावर.

गीझर काही दिवस चालला. मग पुन्हा तेच, बटण सोडलं की ज्योत गुल. पुन्हा फोन, पुन्हा तोच माणूस. या वेळी कारण दुसरं: ‘‘बोअरच्या पाण्यानं कॉइल क्षारानं भरलीय काका, त्याचा दाब पायलटवर यायलाय.’’ पाण्याच्या कॉइलचा आणि पायलटच्या ज्योतीचा काडीचा संबंध नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यानं कॉइल भरते हे मात्र खरं, प्रत्येक घरात भरते, त्यामुळं ऐकणाऱ्याला पटतं. खऱ्यात खोटं असं बेमालूम मिसळलं की समोरच्यानं शंका तरी कुठं घ्यायची? त्याचे २,२०० गेले. आईला त्यानं चहा करायला आत पाठवलं, दादा दाराशी फोनवर होते. दहा-पंधरा मिनिटांत म्हणाला, झालं. बटण दाबलं, सोडलं, ज्योत टिकली. दोघांनाही बरं वाटलं.

ती टिकली, कारण त्यानं व्हॉल्व्हमधला चुंबकाचा तुकडाच काढून घेतला होता आणि गॅसची वाट कायमची उघडी करून ठेवली होती. आता ज्योत असो नसो, गॅस येतच राहणार. मूळ दोष, म्हणजे तुंबलेलं जेट आणि पिवळी मरतुकडी ज्योत, होता तिथंच होता. फक्त ती विझली तर गॅस बंद करणारं कुणी उरलं नव्हतं.

एका पहाटे आई पडवीत गेली आणि तिला वास आला. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मिसळतात, तो सडका वास. वाऱ्यानं पायलट विझला होता. एलपीजी हवेपेक्षा जड, तो वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो. आमच्या पडवीला एका बाजूनं जाळी आहे म्हणून बराचसा बाहेर गेला. आईनं दिव्याच्या बटणाला हात लावला नाही, अंधारातच चाचपडत रेग्युलेटर बंद केला, दार सताड उघडलं आणि दादांना उठवून अंगणात आणलं. तिनं त्या अंधारात दिवा लावला असता तर बटणाच्या ठिणगीनं भडका उडाला असता, आणि नुसता गरम पाण्याचा नळ सोडला असता तरी मोठ्या बर्नरचाही गॅस न पेटता बाहेर पडला असता. हाच गीझर बंद न्हाणीत असता तर काय, याचा विचार माझ्यानं करवत नाही.

मी संभाजीनगरहून पोचले तोवर चाचा आले होते, डोळ्यावर काळा चष्मा तसाच. त्यांनी व्हॉल्व्ह उतरवला, उलटा केला, नखानं चंदेरी रंग खरवडला. खाली पितळेवर कानशीचा एक तिरका ओरखडा निघाला. तो त्यांच्याच हातचा, मागं कधी तरी नट बसत नव्हता तेव्हा घासलेला. ‘‘वॉल्व्ह तो वोइच है बेटा, ऊपर से खाली रंग मारा उनो,’’ म्हणाले. मग आत टॉर्च मारून मला चुंबकाची रिकामी जागा दाखवली. जेट काढून त्यांनी पांढऱ्या कागदावर आपटलं, तर काळ्या धुळीबरोबर जाळ्याचा एक गोळा पडला, मोहरीच्या दाण्याएवढा. सगळं दुखणं तेवढंच होतं.

दुरुस्तीचं विचारलं तर चाचांनी साफ नकार दिला. या मॉडेलचा चुंबक आता मिळत नाही, आणि दुसरा काही तरी जोडजाड करून ते देणार नाहीत. पैसे घ्यायलाही तयार नव्हते. गीझर उतरवला, सध्या आईनं माळ्यावरचा तांब्याचा बंब काढलाय.

बिल मी नंतर नीट बघितलं. छापील आहे, पत्ता नाही, पार्टचं नाव नुसतं ‘व्हॉल्व्ह किट’. जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो आणि महाराष्ट्राचा २७ नं सुरू होतो. यावरचा १३ अक्षरी आहे. जीएसटीच्या पोर्टलवर कुणालाही नंबर टाकून फुकट तपासता येतो. कंपनीच्या वॉरंटी कार्डावरच्या नंबरला फोन केला, तर परभणीत त्या नावाचा त्यांचा कुणीच माणूस नाही.

तक्रार आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला केली, आणि पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. अर्जात फसवणुकीबरोबर जिवाला धोका निर्माण केल्याचं स्पष्ट लिहिलं, चाचांचा लेखी जबाब आणि उतरवलेल्या व्हॉल्व्हचे फोटो जोडले. व्हॉल्व्ह जपून ठेवलाय, तो पुरावा आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही जाणार आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांत तक्रार करता येते. परवा शेजारच्या मुलानं तोच नंबर पुन्हा लावून बघितला. उचलला गेला, पण या वेळी बाईनं दुसऱ्याच कंपनीचं नाव सांगितलं.

म्हणून परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या ज्या कुणाच्या घरी पायलटवाला गीझर आहे आणि अलीकडं अशा कुणाकडून दुरुस्त झालाय, त्यांनी एक तपासणी आजच करा. पडवीची दारं-खिडक्या उघडा. पायलट पेटवून पाच मिनिटं जळू द्या. मग सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. नळीतला गॅस संपून ज्योत आपोआप विझेल, बाहेर काही येणार नाही. आता गीझरला कान लावून थांबा. थर्मोकपल थंड झाला की मिनिटभराच्या आत, फार तर दीड मिनिटात, आतून ‘टक’ असा बारीक आवाज आला पाहिजे. तो चुंबक सुटल्याचा आवाज. आला नाही तर रेग्युलेटर पुन्हा उघडू नका, आणि माणूस बोलवायचा तो गॅसच्या पासबुकवर छापलेल्या एजन्सीच्या नंबरवरूनच बोलवा. गळतीचा वास येत असेल तर घराबाहेर येऊन १९०६ लावा, तो चोवीस तास चालू असतो.